उल्हास, तुझे ते मोठे टायर

उल्हास, तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर जळतोय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तेराव्याला तुझ्या अंगणात मीही दोन शब्द चांगले बोललो. लोकांनी माना डोलावल्या, तुझ्या बायकोने डोळे पुसले. पण ते लोकांसाठी होतं. तुझ्याशी गोड बोलायची मला कधी सवय नव्हती आणि आता मुद्दाम लावून घ्यायची इच्छाही नाही. जिवंतपणी तोंडावर बोलायचो, आता कागदावर बोलतो.

खरं सांगायचं तर तुला उचललं तेव्हासुद्धा मी माणसं मोजत होतो. तुयेच्या कारखान्यांतले कामगार पाळी सोडून आले होते. रिक्षावाले आले, पाव विकणारा पोदेर सायकल टेकवून उभा राहिला, ज्यांच्या गाडीचं पंक्चर तू कधीकाळी काढलं असशील अशी अनोळखी माणसं रस्त्यापर्यंत उभी होती. मी मनात म्हटलं, एका टायरवाल्याला एवढी माणसं? मी वीस-बावीस वर्षं डिचोलीच्या खाणींवर खनिजाचा ट्रक चालवला, माझ्या मागे येतील का एवढी? तुझी बहीण ललिता ऊर फुटेस्तोवर रडत होती आणि तिचा नवरा डोकी मोजत होता. तू बघितलं असतंस तर हसला असतास. "भावजी, बेजार जाव नकात, तुमच्यापाठी माझ्यापरास दोन माणसां जास्ती येतली," असं काहीतरी बोलला असतास. तुझं हे असं होतं, माझ्या पोटातलं तुला आधी दिसायचं आणि राग कधी यायचा नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा.

माणसांचं सोड. माझ्या पोटात खरं दुखलं ते सुविधाला बघून. माझी एकुलती एक पोर तुझ्या दुकानाच्या पायरीवर बसून होती आणि येणारा-जाणारा तिच्या डोक्यावर हात ठेवून जात होता. एक म्हातारा मला म्हणाला, "तुमची सुविधा म्हणजे उल्हासचो उजवो हात हो." मी "होय, होय" म्हटलं आणि गिळलं. माझ्या पोरीचं सांत्वन लोक करत होते आणि मी शेजारी पाहुण्यासारखा उभा होतो.

ह्याची सुरुवात माझ्याच तोंडाने झाली हे मला कबूल आहे. डिप्लोमा झाल्यावर तिला तुयेच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. आमच्या घरापासून तुये म्हणजे साखळीला यायचं, तिथून डिचोली, पुढे म्हापसा, पुढे तुये. रोज कोण करणार? ललिता म्हणाली, उल्हासकडे राहू दे, कारखाना दहा मिनिटांवर आहे. तुझी दोन्ही पोरं पुण्याला नोकरीला गेलेली, खोली रिकामी. मी हो म्हटलं. सोमवार ते शनिवार ती तुझी झाली, कारखाना सुटला की तुझ्या दुकानात, आणि रविवार माझा राहिला. तोही नावापुरताच. रविवारी जेवायला बसली की तिचं प्रत्येक वाक्य "मामा म्हणता" ह्याने सुरू व्हायचं. मामा म्हणता, टायरची हवा सकाळी थंड असताना बघायची. मामा म्हणता, पोदेराचो उंडो चहात बुडवून खाल्लो तर पित्त होणा नाय. पित्ताचं औषधही तूच सांगणार. तुला दोन होती, उल्हास, आणि मला एकच. तरी तुला माझी लागली.

आता टायरांवर येतो, कारण आपलं सगळं भांडण शेवटी तिथेच येऊन थांबायचं.

खाणी बंद पडल्यावर मी ट्रक काढून टाकला आणि जुनी पिकअप घेतली, हे तुला माहीत आहे. दोडामार्गच्या बाजूच्या खणीतून जांभ्याचे चिरे भरायचे आणि पेडण्यात जिथे बांधकाम असेल तिथे टाकायचे. गाडी जुनी, पण माझं ऐकणारी. ट्रकवाल्याला मोठी गाडी सोडून लहान गाडीवर बसणं म्हणजे काय ते बाकीच्यांना कळायचं नाही. साखळीच्या बाजारात जुने सोबती भेटले की म्हणायचे, "काय रे, खेळण्यार बसलंस?" मी हसायचो. मग खेळण्यात मावणार नाहीत एवढे चिरे भरायचो. सुविधाने मला दोनदा सांगितलं होतं, "बाबा, वायच कमी भरा. गाडी नवी न्हय." दुसऱ्या वेळी मी ताट सरकवून म्हटलं, "गो, मी दहा टनांचो ट्रक न्हंयतल्या बार्जीपर्यंत न्हेललो माणूस. माका भरूक शिकवू नको." तिने ताट उचललं. मला वाटलं, पटलं.

मग एका शनिवारी ती सुट्टी काढून घरी आली आणि गाडी घेऊन तुझ्याकडे गेली. तुझ्या परसातले नारळ आणायचे आहेत असं सांगून. रविवारी संध्याकाळी मी अंगणात उभा होतो. वळणावरून गाडी आली आणि मी क्षणभर ओळखलीच नाही. सुविधा चालवत होती, तू शेजारी. दोघं नेहमीपेक्षा उंच बसलेली. चारही चाकं जाड, काळीकुळकुळीत, गाडीच्या अंगापेक्षा मोठी. मूळ माप दोनशे पंधरा, तू दोनशे पस्तीस चढवले होतेस. सांगायला आता हरकत नाही, गाडी देखणी दिसत होती. जुन्या बैलाला कोणी झूल घालावी तशी रुबाबात उभी होती. मला सहन झालं नाही ते हेच. माझी गाडी देखणी व्हायची होती तर ती माझ्या हाताने व्हायला हवी होती.

"कशी दिसता, भावजी?" तू उतरता उतरता विचारलंस.

"कोणाक विचारून केलंस?"

"विचारूचा काय त्यात? जुने टायर गुळगुळीत झालेले."

"मग त्याच मापाचे घालूचे. मोठे कित्याक?"

"खणीचो रस्तो कसो आसा तो तुमका माझ्यापरास बरो ठाऊक. पोट घासता गाडयेचा. वायच उंच झाली काय घासाची नाय. आणि ब्रेकाचे लायनर पण बदललंय. मोठ्या चाकाक ब्रेक बरो होयो."

सुविधा मागे उभी राहून चिंधीने हात पुसत होती. केव्हाचे पुसून झाले होते, तरी पुसत होती. मी तिच्याकडे बघितलं तसा तू मध्ये आलास. "तिचो काय संबंध नाय, भावजी. ही माझी अक्कल."

"अक्कल!" मी म्हटलं. त्या एका शब्दावर मी पुढची तीन वर्षं काढली.

तेवढ्यावर थांबला असतास तर तो उल्हास कसला. नवी चाकं घातली आहेत तर गावच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला हवं म्हणालास. आता बघ, आमच्या वाड्यावर गाऱ्हाणं मी घालतो. कोणाची विहीर असो, लगीन असो, नवी दुचाकी असो, लोक मला बोलावतात. आणि माझ्याच अंगणात, माझ्याच गाडीपुढे नारळ हातात घेऊन तू सुरू झालास. मला विचारायचं सुचलंसुद्धा नाही तुला. शेजारचे दोघंतिघं जमले, ललिता आली.

"बा देवा म्हाराजा, बारा राठीच्या म्हाराजा! आज ह्या गाडयेक नवी चाकां घातली असत. वाटेत काय वाकडा आसात, तर ता सरळ कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"चलवणाऱ्याच्या हातापायाक बळ दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि भावजींच्या पोटात जो काय राग आसा, तो माझ्या एकट्याच्या वाट्याक घाल, दुसऱ्या कोणाक लागू दी नको म्हाराजा!"

शेजारी खो खो हसले आणि हसत हसत म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मला वाटलं, चारचौघांत माझी टिंगल केलीस. तुझा आवाजही माझ्यापेक्षा खणखणीत होता, हे वर. नारळ फुटला, मी खोबरं घेतलं नाही.

त्या दिवसापासून मी त्या टायरांची एकेक खोड शोधायला लागलो. शोधणाऱ्याला मिळतेच. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं डावं चाक आतून घासायचं, कर्र असा आवाज यायचा. मी फोन केला. तू आलास, आतली पत्र्याची कड ठोकून बसवलीस, आवाज गेला. मग मीटर. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, मीटरला ते कळत नाही, म्हणजे काटा पन्नास दाखवतो तेव्हा गाडी पन्नासच्या वर असते. मी म्हटलं, तू माझ्या गाडीला खोटं बोलायला शिकवलंस. तू म्हणालास, "तुमी काटो कधी बगलास, भावजी?" ते खरं होतं. मी कानाने गाडी चालवतो, काट्याने नाही. मग चढ. चढाला पूर्वी तिसऱ्या गिअरात जाणारी गाडी आता दुसरा मागायची. मी हे लग्नात, बारशाला, चवथीला, जिथे तू भेटशील तिथे चारचौघांत सांगायचो. तुला हाक मारायचो ती सुद्धा "काय रे, हत्तीचे पाय लावणाऱ्या" अशी. तू पानावरचं जेवत राहायचास.

पण माझा खरा आनंदाचा दिवस स्टेपनीचा. चार टायर मोठे घातलेस आणि पाचवा जुन्याच मापाचा राहू दिलास, कारण खालच्या जागेत मोठा मावत नव्हता. आणि एके दिवशी भरल्या गाडीचं मागचं चाक दोडामार्गच्या अलीकडे बसलं. तुला सांगतो, मला पंक्चरचं वाईट वाटलंच नाही, मी अगदी खूश झालो. मागच्या आसाला दोन मापांची चाकं लावली तर मधल्या डिफरन्शिअलचे दाते झिजतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी काय केलं, पुढचं एक मोठं चाक काढून मागे लावलं आणि लहान स्टेपनी पुढे. गाडी एका कुशीवर कलंडल्यासारखी दिसत होती, पण चालली असती. तरी मी हललो नाही. तुला फोन लावला. "ये आणि बघ तुझी अक्कल कशी लंगडता ती."

तू आलास. तुयेहून तिथपर्यंत, भर दुपारी, स्कूटरच्या पायाशी एक अख्खं मोठं चाक उभं करून, दोन्ही पाय बाहेर फाकवून. ते ध्यान बघून माझ्यासोबतचे खणीवरचे कामगार हसून लोळले. मीही हसलो. तू घामाघूम, स्कूटरवरून उतरताना तुझा पाय वळला आणि तू म्हणालास, "आता ह्याच स्टेपनी म्हणान पाठच्या हौद्यात ठेवा." लगेच वाकून चाकं बघायला लागलास. मी पुढचं चाक मागे कसं आणलं ते बघून मात्र थांबलास. "ह्या माका सुचला नसता, भावजी," म्हणालास. मला ते इतकं बरं वाटलं की मी चिडलो. तुझी शाबासकी मला कशाला बरी वाटावी?

आणि मग ते चिऱ्यांचं. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू काहीतरी उत्तर दिलं असतंस. आम्ही खाणीवरचे ड्रायव्हर गाडी किती भरली हे वजनकाट्यावर नाही, हातावर बघायचो. टायरचा माथा आणि हौद्याची खालची कड ह्यांच्यामध्ये आडवा हात घालायचा. चार बोटं गेली की गाडी भरली. तीनच गेली तर जास्त झालं, उतरवा. पिकअपला मी तोच हिशेब ठेवला होता. तर नवे टायर आल्यापासून चार बोटं फार लवकर यायला लागली. कामगार अजून चिरे देतायत आणि मी हात घालून म्हणतो, पुरे. फेरीला सात-आठ चिरे कमी बसायला लागले. पेडण्यातले बांधकामवाले विचारायचे, यंदा गाडी अर्धी का? मी म्हणायचो, मेव्हण्याची कृपा.

मी ठरवून टाकलं की मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, बसले. तू टायर चढवताना काहीतरी बिघडवलंस आणि आता लपवतोयस. पाटा वाढवायला मी गाडी बाहेर काढली, तर तू नेमका टपकलास, गाडीखाली शिरलास आणि म्हणालास, "पाटे बरे आसत. हात लावू नकात." "बरे आसत तर गाडी बसता कित्याक?" तू गाडीखालीच पडून राहिलास. तुझे फक्त पाय बाहेर दिसत होते. मग आवाज आला, "वय झाला असात तिचा." चोराच्या मनात चांदणं, मी ललिताला म्हटलं, बघ, उत्तर देता येत नाही तुझ्या भावाला. त्यानंतर मी तुझ्याशी दीड महिना बोललो नाही. चवथीला तू गणपतीवरच्या माटोळीला बांधायची कांगलांची रानफळं आणि नारळाची पेंड घेऊन आलास, दारात ठेवलंस, ललिताशी बोललास आणि गेलास. मी आत खिडकीपाशी उभा राहून तुझी स्कूटर जाईपर्यंत थांबलो.

आपलं शेवटचं बोलणं तुला आठवतं? तू फोन केला होतास. "भावजी, पुढच्या टायराचो एका बाजूचो खांदो झिजता. वेळ मेळात तेव्हा गाडी हाडा, अलाइनमेंट बगतंय." मी म्हटलं, "बघतो," आणि फोन ठेवला. आपलं सगळं आयुष्य टायरावर गेलं आणि शेवटचा शब्दही टायराचाच. पाच दिवसांनी तू गेलास. दुकानात, खुर्चीवर, हातात चहाचा पेला. मला पहिला विचार काय आला सांगू? आता त्या टायरांची बाजू घेणारा कोणी उरला नाही.

आठव्या दिवशी मी सकाळी गाडी काढली. साखळीच्या टायरवाल्याला जुन्या मापाचे चार टायर बाजूला ठेवायला सांगितलं होतं. ललिता तुझ्याकडे होती. सुविधा कपडे न्यायला आदल्या दिवशी घरी आली होती. मला वाटलं ती झोपली आहे. गाडी चालू केली आणि ती दारातून आली, केस तसेच विस्कटलेले.

"खय चल्लात?"

"साखळी. टायर बदलतंय."

तिने गाडीचं दार उघडलं, माझ्या मांडीवरून हात घातला आणि चावी काढून घेतली. चोवीस वर्षांत तिने माझ्या हातातली वस्तू कधी हिसकावली नव्हती.

"उतरा, बाबा."

"चावी दी."

"आदी उतरा."

मी उतरलो, कारण मला वाटलं ती मामासाठी रडणार. तिने मला मागच्या चाकापाशी नेलं. म्हणाली, "हात घाला. घालतात तसो." मी टायर आणि हौद्याच्या मध्ये हात घातला. रिकामी गाडी होती, हात सहज गेला. "आता माका सांगा," ती म्हणाली, "टायर मोठो झालो तर त्याचो माथो वर येता काय नाय? आस आणि हौदो ह्यांच्यातला अंतर आसा तेवढाच ऱ्हवता. मगे मदलो गाळो कमी होता काय नाय?"

मी हात तसाच आत ठेवून उभा राहिलो.

"एक बोट, बाबा. फक्त एक बोट कमी होता. तुमची चार बोटां आदीच येतत आणि तुमी म्हणतात, पुरे. पाटे काय बसले नाय. मामान काय बिघडवला नाय."

"म्हणजे उल्हासान मुद्दाम..."

"मामान न्हय. मी. ते टायर माझे. अक्कल माझी."

उल्हास, एवढी वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला हे कळलं नाही. कळायला डोकं लागत नव्हतं, फक्त माझी बोटं चुकू शकतात एवढं मनात यायला हवं होतं. ते कधी आलंच नाही. मला वाटलं चुकणार तर गाडी चुकेल, नाही तर तू.

"माका सांगूक काय झाला होता?" मी विचारलं.

"दोनदा सांगलंय. तुमी काय म्हटलास?"

मग तिने पुढचं सांगितलं. टायर घालायच्या आदल्या आठवड्यात खणीच्या उतारावर माझं ब्रेकचं पेडल खाली गेलं होतं. भरली गाडी. मी ती डाव्या दरडीला घासत घासत थांबवली. ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. ललिताला म्हटलं, बैल आडवा आला, आरसा फुटला. पण ती पोर रविवारी गाडी धुवायला बसली आणि तिला जळक्या लायनरचा वास आला. चाक काढून बघितलं तर ब्रेकचा ड्रम तापून निळा पडलेला. तिने चाक परत लावलं आणि मला एक अक्षर विचारलं नाही. सोमवारी कामावर गेली नाही. सरळ तुझ्या दुकानात गेली.

"थय बसान रडलंय," ती म्हणाली. "मामान शटर अर्धा ओढून घेतला. तासभर रडलंय."

"कित्याक गो?"

"तुमी मरशात म्हणान."

तिने हे इतकं साधं सांगितलं, जसं कोणी सांगावं की आज भाजीला काय आहे. मग म्हणाली की बोटांची युक्ती तिने दुकानातच खडूने जमिनीवर दोन चाकं काढून तुला दाखवली. तू म्हणालास, कर, पण नाव माझं घे. ती नको म्हणाली. तेव्हा तू तिला म्हणालास, "तुज्यार रागावलो तर तुझो बापूस जेवाचो नाय. माझ्यार रागावलो तर काय, चार दिस बोलाचो नाय."

चार दिवस म्हणालास. तीन वर्षं झाली.

चावी तिने माझ्या हातात परत दिली. म्हणाली, आता बदलायचे तर बदला. आणि आत चहा ठेवायला गेली. मी बदलले नाहीत, हे तुला सांगायला नकोच. टायरवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं, तर मी म्हटलं, मेव्हण्याने घातलेत, चांगले आहेत.

तुझे आभार मानायला हवेत हे मला कळतं. तेराव्याला बोललो त्यात ते मानलेही. माझं तोंड तू तीन वर्षं झेललंस, जेवणावळीत, रस्त्यावर, फोनवर, आणि एकदाही म्हटलं नाहीस की भावजी, पुरे झालं, विचारा तुमच्या पोरीला. एका वाक्यात सुटला असतास. मी तुझ्या जागी असतो तर पहिल्याच दिवशी सगळं सांगून मोकळा झालो असतो. गाडी चढाला दुसरा मागते तेव्हा तुला दोन शिव्या द्यायला तोंड उघडतो आणि मिटतो.

पण जळणं काही थांबलं नाही, उल्हास. उलट वाढलं. आतापर्यंत वाटायचं की तू माझी पोर नेलीस. तसं असतं तर बरं होतं, मी नुसता भांडलो असतो. आता कळतं की ती एवढी वर्षं माझीच होती, आणि ते फक्त तुला माहीत होतं. रविवारी ती माझ्यासमोर बसून "मामा म्हणता" करायची आणि मी ताटात बघून धुमसायचो, तेव्हा तुला ठाऊक होतं ती कोणासाठी रडली. माझी पोर माझ्यासाठी तासभर रडली, आणि ते बघायला तू होतास. माझ्यापुढे ती रडली नसती हे मला कळतं. मी तिला म्हटलं असतं, गप, मला काय झालंय? म्हणूनच ती तुझ्याकडे आली. ह्यात तुझा दोष नाही हे मला कळतं, आणि कळूनही काही उपयोग होत नाही.

तिचा माझ्यावर किती जीव आहे हे तुला तीन वर्षं ठाऊक होतं. मला कळून आठ दिवस झाले. बाकी सगळं तुला माफ आहे, टायर, गाऱ्हाणं, माझ्यापेक्षा जास्त आलेली माणसंसुद्धा. ती तीन वर्षं मात्र मला हवी होती.